झाकण लावलेली दुर्बीण

सोमवारी सकाळी नाना गेले. दुपारी त्यांना तापीकाठी राजघाटावर नेलं. संध्याकाळी त्यांची दुर्बीण माझ्या घरी आली.

ही दुर्बीण बुऱ्हाणपुरातल्या बऱ्याच लोकांनी पाहिली आहे, कारण नाना ती भाजी आणायला जातानाही गळ्यात घालत. तिच्यातून मात्र कोणी काही पाहिलेलं नाही. दोन्ही काचांवर काळी झाकणं होती आणि ती कधी निघत नसत. फांदीवर पक्षी बसलेला असे, आम्ही बोटं दाखवत असू, आणि नाना दुर्बिणीवर हात ठेवून शांत उभे असत. गर्दीत माणूस खिशातल्या पाकिटावर ठेवतो तसा. कोणी मागितली तर म्हणत, "दुर्बिणीतून बघणारा एक पक्षी बघतो अन् बाकीचं जंगल घालवून बसतो. तू डोळ्यानं बघ. काय दिसतंय ते मला सांग."

"मग गळ्यात कशाला घालता नाना?"

"अरे भाई, जंगलात जायचं तर काही कायदा आहे की नाही?"

नाना माझ्या समोरच्या घरात एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी एका लूमवाल्या शेठकडे कापड तपासलं. मागावरून उतरलेला ताका टेबलावर पसरायचा, त्यावरून तळवा फिरवत जायचं आणि धागा चुकला असेल तिथे थांबायचं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा ते त्यांनी झाडांवरून फिरवायला सुरुवात केली. काही वर्षांत त्याचा वर्ग झाला. दर रविवारी सकाळी ज्यांना जंगल शिकायचं असेल त्यांनी नानांच्या ओट्यापाशी जमायचं. निंबोल्यापर्यंत ऑटो, पुढे केळीच्या बागांमधून पायी, आणि मग सागाची टेकडी.

मी त्या वर्गात कसा गेलो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. मी कॉलेजचा ग्रंथपाल. झाडांबद्दल जे हवं ते कपाटातून काढून वाचणारा माणूस. माझी बायको सुनंदा गेली त्या वर्षी माझं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ठरवून नाही. बोलण्यासारखं काही निघतच नसे, आणि कामाच्या जागी तर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटीच होती. एका शनिवारी नाना फाटकाशी येऊन उभे राहिले.

"ओ किताबवाले, रविवारी काय करता?"

"काही नाही."

"मग तेच करायला टेकडीवर चला."

नानांना सापाची भीती नव्हती, अस्वलाची नव्हती. त्यांना भीती होती इंदूरची. तिथे त्यांचा मुलगा अविनाश नवव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला, सूनही चांगली, म्हणून तर भीती जास्त. पूर्वी दर शनिवारी फोन येई, "बाबा, आता एकटं राहू नका." शेवटी बापलेकांत एक करार झाला आणि तो नाना आम्हाला वरचेवर ऐकवत. ज्या दिवशी आपलं आपल्याला जमणार नाही, त्या दिवशी नाना स्वतः बॅग भरून इंदूरला जाणार. तोवर अविनाशने आग्रह करायचा नाही. एकदा ते तिथे आठवडाभर राहून आले होते. गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "झाडं कुठली, नमुन्याचे तुकडे आहेत ते. ताका कुठंय?" वर्गात कोणी मोठ्याने बोललं, कोणी पानं ओरबाडली, तर नाना शांतपणे म्हणत, "तू इंदूरला जा."

त्यांच्या शिकवण्याने मी पहिल्या दिवशी गोंधळलो आणि नंतर तो गोंधळ वाढत गेला. पहिली गोष्ट म्हणजे रांग. नानांनी एक लांबच लांब कोऱ्या कापडाची पट्टी आणलेली असे. तिचं एक टोक पुढच्याच्या कमरेला बांधायचं आणि बाकीच्यांनी ती हातात धरून चालायचं. "ताका सोडायचा नाही," अशी ताकीद. गुरूने पुढे असायचं, असं मला वाटत होतं. नाना कायम दुसऱ्या नंबरवर. पहिला मान त्यांनी मला दिला. का ते विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही उंच आहात. कोळ्याची जाळी आधी तुम्हाला लागतील."

दुसरी गोष्ट म्हणजे नावं. झाडाचं नाव विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाव नंतर. आधी पोत बघ." डोळे मिटायचे, खोडावर तळवा ठेवायचा आणि कापड सांगायचं. टेकडीवरची सगळी झाडं त्यांनी कापडांत वाटून टाकली होती. एक गोणपाट, एक मांजरपाट, एक धुऊन आटलेली खादी. ज्याची साल पांढरी, गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी, ते मलमल. मी घरी येऊन पुस्तकं उघडत असे. मलमल सापडलं, ते कुलूचं झाड. गोणपाटात मात्र मला तीन वेगवेगळी झाडं मिळाली आणि तिन्हींचीही वर्णनं जुळत होती. पुढच्या रविवारी मी ते नानांना सांगितलं.

"मग हाताला तिन्ही वेगळी लागली का?"

"मी पुस्तकात पाहिलं नाना."

"पुस्तकाचा पोत गुळगुळीतच लागणार भाऊ."

तिसरी गोष्ट सगळ्यांत कठीण. नाना कशालाही बरोबर किंवा चूक म्हणत नसत. आम्ही सांगायचं, "त्या फांदीवर पक्षी आहे, लांब शेपटीचा, तांबूस." नाना म्हणायचे, "पुढे?" आम्ही डोकं काळं, पंखावर राखी पट्टा असं सांगत जायचो. ते मान हलवत ऐकायचे. शेवटी पक्षीच ओरडायचा आणि मग नाना म्हणायचे, "टकाचोर." जणू ते आमची परीक्षा संपायची वाट बघत होते. आवाजात मात्र ते कधी चुकले नाहीत. तांबटाची टोकटोक कुठल्या झाडावरून येते आणि कोरड्या पानांतली खसखस सरड्याची की मुंगसाची, हे ते चालता चालता सांगत.

आणि मग तो निळा पक्षी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी नाना एकदम थांबले. पुढच्या निष्पर्ण सालईकडे मान करून हलक्या आवाजात म्हणाले, "हलू नका. नीलकंठ." आम्ही सगळ्यांनी पाहिलं. फांदीच्या टोकाला निळं काहीतरी होतं. नानांनी तिथे उभ्या उभ्या नीलकंठावर लांबलचक पाठ दिला. तो शिकारीआधी कसा दगडासारखा बसतो, उडाला की पंख कसे झळकतात, शेतातले किडे कसे खातो. आमच्यात बँकेतल्या सोनवणेबाई होत्या, निंबोल्याच्या शेतकऱ्याची लेक. त्यांनी बराच वेळ धीर धरला.

"नाना, राग मानू नका. ती केळीच्या घडाला घालतात ना, ती पिशवी आहे. आमच्याच बागेतली उडाली असंल."

वाऱ्याने पिशवी फुगली आणि बसली. कोणी हसलं नाही. नाना म्हणाले, "शाब्बास, सोनवणेबाई. बाकी किती जण फसले? सबके सब?" आम्ही माना खाली घातल्या. परतताना सगळे म्हणत होते, काय परीक्षा घेतली नानांनी. मीही तेच म्हणालो. घरी येऊन नीलकंठाचं चित्र पाहिलं. इतकं निळं तर ते पाखरू उडतानाच दिसतं. बसलेलं तपकिरीच वाटतं. हे नानांना माहीत नसेल असं होणार नव्हतं. मला काही कळेना.

वर्ग नुसता बघण्याचा नव्हता. वनखात्याच्या नाकेदाराची परवानगी घेऊन आम्ही टेकडीचा एक उतार सांभाळत होतो. वणव्याआधी पालापाचोळा ओढून पट्टा मोकळा करायचा. वाळलेलं उभं झाड तोडू द्यायचं नाही, "त्याच्यात भाडेकरू असतात," असं नाना सांगत. आणि पावसाळा सरला की घाणेरी काढायची. ही काटेरी झुडपं एकदा माजली की खाली दुसरं काही उगवू देत नाहीत. त्या गचपणात आमचं एक अंजनाचं रोप होतं, जोडीजोडीने पानं येणारं. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून आम्ही काटेरी फांद्यांनी वेढून वर्षानुवर्षं जपलेलं, आता कमरेएवढं झालेलं.

त्या वर्षी सोनवणेबाईंनी सगळ्यांसाठी जाड हातमोजे आणले. नाना नको म्हणाले. बाई ऐकेनात. "नाना, मागच्या खेपेला तुमचे हात पाहिले मी. रक्त रक्त झालं होतं. घाला मुकाट्यानं." बाईंनी स्वतः ते त्यांच्या हातांत चढवले. नाना लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे अवघडून उभे होते.

मग आम्ही कामाला लागलो. मी नानांच्या शेजारी होतो. ते नेहमीप्रमाणे वाकून फांद्या धरत होते आणि विळा चालवत होते. एक मूठ, दुसरी मूठ, आणि तिसऱ्या मुठीत त्यांनी अंजन धरलं आणि कापलं.

मी काही बोललो नाही. सवयच नव्हती. पण नानांचा विळा थांबला होता. लाकूड कापल्याचा आवाज वेगळा आला असावा. त्यांनी दातांनी ओढून उजव्या हाताचा मोजा काढला, कापलेल्या टोकावर बोट फिरवलं, पानांची ती जोडी अंगठ्याने चाचपली. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाले,

"किताबवाले, मी काय कापलं?"

तेव्हा मला पट्टी कळली, दुसरा नंबर कळला, झाकणं कळली, निळी पिशवी कळली. एखादं पुस्तक उलटं धरून वाचत बसावं आणि कोणीतरी ते हातातच फिरवून द्यावं, तसं झालं.

"अंजन," मी म्हणालो. आणि मग विचारलं, "किती दिवसांपासून?"

"रंग शेवटी गेले. निळा अजून थोडा येतो." ते खाली बसले. "घरात चालतं मला. घर पाठ आहे. इथंच चालत नाही. आता करार म्हणजे करार. तुम्ही अविनाशला सांगणार का?"

मी समोर पाहिलं आणि म्हणालो, "नाना, तुमच्या समोर पंधरा-वीस पावलांवर मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी खार आहे. ती आपल्याकडे बघते आहे."

"कशी बघते?"

"तुमच्यावर रागावल्यासारखी."

"बरोबर आहे तिचं," नाना म्हणाले.

त्यानंतर मी बोलत राहिलो. घाणेरी संपेपर्यंत, टेकडी उतरेपर्यंत, ऑटोतसुद्धा.

दिवाळीला अविनाश आला आणि म्हणाला, "बाबा, रविवारी मीही येतो. बघतो तुमचा वर्ग." नाना हो म्हणाले आणि माझ्या घरी येऊन पाणी प्यायले.

त्या रविवारी मी जितकं बोललो तितकं माझ्या लग्नातही बोललो नसेन. "नाना, इथे दगड जरा वर आलाय, मागच्या पावसात नव्हता, नाही?" "नाना, हा डावीकडचा साग झडायला लागला की." "नाना, अविनाश तुमच्या उजव्या हाताला उभा राहून फोटो काढतोय, हसा." नाना हसत होते, बरोबर उजवीकडे बघून. त्यांनी मुलाला मलमलपाशी नेलं, डोळे मिटायला लावले, त्याचा हात खोडावर ठेवला आणि वरून आपला ठेवला. बराच वेळ दोघे तसेच उभे होते. उतरताना अविनाश म्हणाला, "काका, तुम्ही किती बोलता. बाबा फोनवर म्हणायचे, समोरच्या घरातून आवाजच येत नाही."

तो एकटाच इंदूरला परत गेला. मी बरोबर केलं की चूक, हे मला तेव्हाही कळलं नाही. नाना कशालाच बरोबर किंवा चूक म्हणत नसत, त्यामुळे विचारण्यात अर्थ नव्हता. मी दुसरंच विचारलं. "त्या शनिवारी तुम्ही माझ्याकडे का आलात? उंच होतो म्हणून?"

"मला बोलणारा हवा होता."

"नाना, मी तर बोलतच नव्हतो."

"हां," ते म्हणाले. "वही तो."

आणखी एक पावसाळा आम्ही टेकडीवर गेलो. मग तो सोमवार आला. झोपेतच गेले.

संध्याकाळी अविनाश दुर्बीण घेऊन आला. झाकणं त्याने काढली होती. "यातून काही दिसत नाही, काका. आतून बुरशी चढलीय. खूप जुनी असणार." मी ती हातात घेतली. तो उंबऱ्यात उभाच राहिला.

"मला त्यांनी मलमलपाशी नेलं होतं ना, तेव्हा मी डोळे मिटले नव्हते," तो म्हणाला. "बाबांचे उघडे होते. समोर ऊन होतं, आणि ते सरळ उन्हात बघत होते."

मी झाकणांसाठी हात पुढे केला.

"मी त्यांना घेऊन जायलाच आलो होतो. पण तुम्ही एवढं बोलत होतात," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

आता दुर्बीण माझ्या टेबलावर आहे. झाकणं मी परत लावली. अंजनाच्या खुंटाला फुटवे आले आहेत. त्यांतला एक ठेवून बाकीचे काढायचे आहेत. रविवारी आम्ही जातो. पट्टी माझ्या कमरेला असते आणि दुसऱ्या नंबरवर सोनवणेबाई असतात. मी दिसेल ते सांगत जातो. बाई म्हणतात, "सर, आम्हाला दिसतंय." तरी मी सांगतो.