दलदलीच्या पाटीचं देखणं अक्षर

तर मुलांनो, एका जंगलात टोकाजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. पाट्या रंगवणं हा टोकाजीचा धंदा. बाभळीची काडी चावून तो तिचा कुंचला करायचा आणि जीभ बाहेर काढून लिहायचा. जीभ आत असली की अक्षर बिघडतं, असं त्याचं म्हणणं.

त्याची सगळ्यात जुनी पाटी दलदलीच्या काठावर होती. ‘पुढे दलदल आहे. थांबा.’ अक्षरं ठोंब्यासारखी, ओबडधोबड. पण शंभर पावलांवरच्या कडुनिंबाखालूनही वाचता यायची. ती पाटी लागल्यापासून दलदलीत कुणी पडलं नव्हतं. टोकाजीला तिचा अभिमान होता आणि मधुअण्णा अस्वलाला तिचा आधार. अण्णांची नजर अधू, आणि दर शनिवारी मध आणायची वाट तिथूनच जाणारी.

त्याच जंगलात शुभ्रकांत नावाचा बगळा होता. तो चार महिने दूरच्या तळ्यावर राहून आला होता. आल्यापासून तो एका पायावर उभं राहून बोलायचा. आता सगळेच बगळे तसे उभे राहतात, पण याचं काहीतरी निराळं आहे असं सगळ्यांना वाटायचं.

शुभ्रकांतने एक नवं अक्षर काढलं, हुबेहूब स्वतःसारखं. काने भरदार, शिरोरेषा केसाएवढी, वेलांट्या तर नुसता धागा. आणि प्रत्येक काना जिथे संपतो तिथे एक इवलंसं पाऊल. मोराच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते पहिल्यांदा झळकलं. खोटं कशाला बोला, टोकाजीही खुळावला. दोन दिवस पत्रिका उशाशी घेऊन झोपला.

सिंहमहाराजांनाही पत्रिका गेली होती. त्यांनी हुकूम सोडला, “जंगलातल्या सगळ्या पाट्या याच अक्षरात.”

मग काय विचारता. ‘येथे घाण करू नये’ ही पाटी इतकी सुंदर झाली, की तिच्यासमोर दोन साखरपुडे झाले. पाणवठ्याची पाटी पाहायला हरणं रांगेत उभी राहू लागली आणि पाणी प्यायचं विसरून घरी जाऊ लागली. सगळ्या जंगलाला अक्षराचं वेड लागलं.

दलदलीच्या पाटीची पाळी आली, तेव्हा मात्र टोकाजीने कुंचला खाली ठेवला. तो दरबारात गेला.

“महाराज, पत्रिका हातात धरून वाचतात. ही पाटी लांबून वाचायची असते. बारीक रेघा लांबून दिसायच्या नाहीत.”

“मग जवळ जावं,” शुभ्रकांत म्हणाला. “चांगल्या अक्षराला भेटायला जावं लागतं.”

“अहो, पण जवळ दलदल आहे.”

“तेच तर तिथे लिहिलंय.”

महाराजांना जांभई आली. “टोकाजी, जमत नसेल तर मुंगसाला सांगतो. त्याची शेपटीही बरी आहे.”

टोकाजीला घरची दोन पिल्लं आठवली. त्याने मुकाट्याने पाठीवरचा सगळ्यात बारीक काटा उपटला आणि पाटी रंगवली. जंगलातली सगळ्यात सुरेख पाटी झाली ती. जवळून पाहिली तर.

शनिवारी मधुअण्णा कडुनिंबाखाली आले. तिथून त्यांना नुसते काळे काने दिसले.

“कुणी कुंपण घातलंय वाटतं,” ते म्हणाले आणि पाहायला पुढे गेले.

‘पुढे,’ त्यांनी वाचलं. चिखल घोट्यापर्यंत आला. ‘दलदल आहे.’ गुडघ्यापर्यंत. ‘थांबा.’ अण्णा आज्ञाधारक. ते कमरेएवढ्या चिखलात थांबले.

गव्यांनी वेल टाकून त्यांना ओढून काढलं. टोकाजी धावत आला आणि ढसाढसा रडला. “अण्णा, माझ्याच हातांनी बुडवलं असतं हो तुम्हाला.”

“आधी पाठीचा चिखल काढ, मग रड,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, “तो ‘द’ मात्र सुरेख काढलायस हं.”

टोकाजी तडक कडुनिंबाकडे गेला आणि तिथल्या खडकावर जुन्या कुंचल्याने ठोंब्यासारखं लिहिलं, ‘थांबा.’ सगळे तिथेच थांबू लागले. पण मग काठावरची देखणी पाटी कुणी पाहीना. शुभ्रकांतने दरबारात दोन्ही पाय टेकून तक्रार केली. प्रकरण गंभीर आहे हे महाराजांनी त्यावरूनच ओळखलं.

खडक पुसला गेला. टोकाजीला शिक्षा झाली ती अशी: कडुनिंबाखाली बसायचं आणि येईल त्याला पाटीवरचा मजकूर ओरडून सांगायचा.

टोकाजी ओरडू लागला. त्याचा घसा बसला, पण दलदलीत पुन्हा कुणी पडलं नाही.

शेजारच्या जंगलातून पाहुणे आले. झाडाआडून ओरडणारा टोकाजी त्यांना दिसला नाही. ते थक्क झाले. “काय अक्षर आहे! शंभर पावलांवरूनसुद्धा स्पष्ट कळतं.”

महाराजांनी शुभ्रकांतला मोठ्या समारंभात शाल दिली. शुभ्रकांतने भाषणात सगळ्यांचे आभार मानले, तळ्याचेसुद्धा. टोकाजीलाही बोलावणं होतं, त्याच अक्षरातलं. पण तो गेला नाही. शनिवार होता, आणि अण्णा यायची वेळ झाली होती.

तात्पर्य: मुलांनो, पाटीचं अक्षर नेहमी देखणं असावं. ते वाचता येतं की नाही याची काळजी करू नये. ओरडायला एखादं साळिंदर मिळतंच.