सात मोठ्या की पंधरा लहान

नाडगौडाकाका सात महिने कमरेला डाळ बांधून हिंडत होते.

एक आठवडा तूरडाळ, पुढचा आठवडा मूगडाळ. तूर सव्वा किलो, मूग नऊशे ग्रॅम. निर्मलाकाकूंनी जुन्या सोलापुरी चादरीच्या दोन पिशव्या शिवून दिल्या होत्या. त्यांतली एक उजव्या बाजूला पट्ट्यात खोचून, वर ढगळ बुशशर्ट सोडून काका ऑफिसला जात, देवळात जात, आमच्याकडे चहाला येत. बसताना किंचित डावीकडे कलत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हर्निया वाटला आणि मी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

हर्निया नव्हता. पिस्तुलाची रंगीत तालीम होती.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची, टेक्सासमधल्या फ्रिस्कोची. आम्ही दोघं एकाच गल्लीत राहायचो. ग्रीन कार्ड हाती आल्यावर लोक मोठं घर बघतात, काकांनी कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचा परवाना काढायचं ठरवलं. परवान्याचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते पिस्तूल कुठलं घ्यायचं यावर. फोर्टीफाइव्ह कॅलिबरची गोळी मोठी, पण आत मावतात सात. नाइन मिलिमीटरची लहान, पण मावतात पंधरा. गोळ्यांसकट पहिल्याचं वजन तूरडाळीइतकं, दुसऱ्याचं मूगडाळीइतकं.

"कॅटलॉगमधलं वजन कागदावरचं रे," काका म्हणाले. "कमरेला कळतं ते खरं. आधी मोजा, मग बोला!"

'आधी मोजा, मग बोला' हे त्यांचं ब्रीदवाक्य. पंचवीस वर्षं त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतला होता. ती सवय घरीही सुटली नव्हती. गाडी घेताना ते अकरा गाड्यांच्या मागच्या सीटवर प्रत्येकी वीस मिनिटं बसून आले होते. चालवून एकही पाहिली नाही. "चालतात सगळ्याच," म्हणाले.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या पदार्थांच्या पंगतीला, काका दिसले की लोक पानात वाढून घेऊन दुसऱ्या खोलीत सटकत. मी बावळट, मी सापडायचो.

"समोरून किती जण येणार ते सांग. एक की तीन?"

"मला कसं माहीत असणार, काका?"

"मग ठरवू कसं मी? पंगत किती जणांची हे कळल्याशिवाय तांदूळ किती धुवायचे?"

"नाइन घ्या ना. पंधरा म्हणजे जास्त झाल्या."

"जास्त म्हणजे चांगलं? भोकं चाळणीलाही जास्त असतात." मग जरा विचार करून, "पण तुझं अगदीच चूक नाही. पंधरा म्हणजे चौदा वेळा चुकायची सोय. सोय असलेली बरी."

हे मूगडाळीच्या आठवड्यातलं मत. पुढच्या शनिवारी, तूर बांधलेली असताना, तेच काका म्हणाले, "सोय असली की माणूस चुकतोच. सातच असल्या की जपून वागतो."

एकदा वैतागून मी म्हटलं, "मधलं पॉइंट फोर्टी कॅलिबरचं घेऊन टाका यार."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तडजोड? तडजोड लग्नात करतात."

मीही पाठीमागे पुष्कळ हसलो. पण हे सगळं कशासाठी चाललंय ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी तीनच्या लख्ख उन्हात, देशी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एक माणूस किती वाजले विचारत जवळ आला आणि निर्मलाकाकूंचं मंगळसूत्र ओढून पळाला. काकू पडल्या. गुडघा फुटला. पोलीस आले, रिपोर्ट झाला, गुडघाही यथावकाश भरला. पण काकू घराबाहेर पडेनाशा झाल्या. त्याआधी गल्लीतल्या प्रत्येक घरच्या पुरणाला त्यांचा हात लागायचा. आता चैत्रातलं हळदीकुंकू झालं, गणपती झाले, दिवाळी झाली, काका दर वेळी एकटेच आले. "तिचं डोकं दुखतंय," म्हणायचे. दर शनिवारी त्यांची भाजी मी पोचवायचो.

काका त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. "माझ्या दोन्ही हातांत सामान होतं. मी नुसता उभा राहिलो. काही केलं नाही." मग चष्मा पुसत, "योग्य वस्तू कमरेला आली ना, की ती निर्धास्त होईल. मग येईल बाहेर. म्हणून चुकून चालायचं नाही."

तेव्हा तुरीला आणि मुगाला मी हसायचं बंद केलं. निदान तोंडावर तरी.

ऑक्टोबरात परवान्याचा दहा तासांचा वर्ग झाला. शिकवणारे एक निवृत्त पोलीस होते, दाराएवढे रुंद. काका सवयीप्रमाणे पिशवी खोचूनच गेले. शर्टाखालचा फुगवटा बघून त्या गृहस्थांनी हात पुढे करून हळू आवाजात विचारलं, "सर, आत काय आहे?"

काका ताठ उभे राहिले. "लेंटिल्स, सर. नाइन हंड्रेड ग्रॅम्स."

पिशवी टेबलावर ठेवण्यात आली आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच राहिली. काकांनी एक्केचाळीस प्रश्न विचारले. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले, शिवाय प्रश्नपत्रिकेतल्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त करून दिल्या. रेंजवर, नेमबाजीत, अडीचशेपैकी दोनशे सत्तेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा हाती पिस्तूल धरलेल्या माणसाचा हा स्कोअर! मास्तरांनी पाठ थोपटली. काका उरलेल्या तीन गुणांचा हिशोब मागत होते.

"हात बघितलास?" घरी आल्यावर त्यांनी मला तळवा पालथा धरून दाखवला. "दगड!"

नोव्हेंबरात परवाना आला. त्या शनिवारी काका सकाळी दहालाच बंदुकीच्या दुकानात गेले. "आज फायनल," म्हणाले. दुपारी मी भाजी घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर काकू जेवणाच्या टेबलाशी नुसत्या बसलेल्या.

"आले नाहीत अजून?" मी विचारलं.

"दोन घेऊन बघत बसले असतील." काकूंनी मेथीची जुडी बाजूला सरकवली. "बस रे. तुला एक सांगू? माझं डोकं कधीच दुखलं नाही."

मी बसलो.

"गुडघा बरा झाल्यावर एप्रिलमध्ये आम्ही निघालो होतो. मीच हट्ट धरला. किती दिवस घरात बसणार? ग्रोसरीसमोर गाडी लावली आणि ह्यांना स्टिअरिंग सोडवेना. हात असे लटलटा कापत होते. एसी चालू, तरी घामाघूम. मला म्हणतात, बसू जरा, गाणं संपू दे. रेडिओ बंद होता रे! शेवटी मीच म्हटलं, अहो, डोकं दुखतंय माझं, घरी चला. इतकं सुटल्यासारखं झालं त्यांना... तेव्हापासून दुखतंय."

"आणि त्या पिशव्या?"

"पुरुषमाणसाला भीती वाटते म्हणता येत नाही. मोजत बसले की बरं वाटतं त्यांना. म्हणून दिल्या शिवून." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण आज घेऊन येतील. मग म्हणतील, चल आता बाहेर. आणि तरी हात कापले तर? मग काय दुखतंय म्हणून सांगू?"

गेले सात महिने आम्ही सगळे ज्या बाईची कीव करत होतो, ती घरात बसून नवऱ्याची लाज राखत होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

काकू उठल्या. आहे त्याच साडीवर त्यांनी स्नीकर्स चढवले. "गाडी आणलीयस ना? चल."

बंदुकीच्या दुकानासमोर मी पार्किंग शोधेपर्यंत त्या उतरून चालू लागल्या होत्या. मी धावतपळत आत शिरलो. काचेच्या काउंटरवर हिरव्या कापडावर दोन पिस्तुलं, मध्ये काकांची वही, आणि पलीकडे तीन तास सोशिकपणे उभा असलेला विक्रेता. काका दाराकडे बघतच राहिले.

"तू? कोणाबरोबर आलीस?"

"गाडीतून ह्याच्याबरोबर. दारापर्यंत एकटी."

"एकटी? पार्किंगमधून?"

"हो. साठ पावलं होती. मोजली मी. एका बाईने दार उघडून धरलं, एवढंच घडलं."

काकांनी काउंटर धरला. विक्रेत्याने नम्रपणे विचारलं, "सो, हॅव वी डिसायडेड, सर?"

काकांची बोटं काचेवर टकटकत होती, नुसती, आपोआप. काकूंनी त्यांवर आपला हात ठेवला. चारचौघांत त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"घ्यायचं तर घ्या हो, माझी ना नाही. पण हात असा हलत असला तर सात काय आणि पंधरा काय?"

"तुला माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

काका एकदम म्हणाले, "रेंजवर नाही हलत. खरंच नाही हलत, ह्याला विचार."

"मग?"

"रेंजवर तू नसतेस ना."

मी घाईघाईने भिंतीवरच्या टोप्या बघायला लागलो. काकांनी वही मिटली आणि विक्रेत्याला सांगितलं, "नॉट टुडे."

पिस्तूल पुढच्या उन्हाळ्यात आलं. कुठलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर अख्खी दुपार गेली असती.

बंदुकीच्या दुकानातून निघालो त्या शनिवारी मात्र काकांची गाडी तिथेच ठेवून काकूंनी मला माझी गाडी थेट ग्रोसरीकडे घ्यायला लावली. "मेथी शिळी दिलीयस तू. आज माझी मी निवडणार." मी पार्किंगमध्ये गाडी लावली. काकू उतरल्या. काका उतरेनात. मागच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसलेले मला आरशात दिसले. मीही मागे वळून पाहिलं नाही. काकू गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या, दार उघडलं आणि घाई नसल्यासारख्या उभ्या राहिल्या.

पाच मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. मग काका उतरले आणि काकूंनी त्यांचा हात धरला. दुकानाच्या दारापर्यंत जाताना तो कापतच होता, मला गाडीतून दिसत होतं. पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.