दर्शनी माती

साखरेला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांत बेटावरच्या शेतीखात्याने असा निर्णय घेतला, की यापुढे प्रत्येक फळझाडाला त्याच्या पायाखालच्या मातीप्रमाणेच खत मिळेल. निर्णय शहाणपणाचा होता. कार्तिए मिलितेर गावाजवळची कृष्णदेवची लिचीची बाग वर दगडाळ, मध्ये बरी, खाली पाणथळ. झाडे पिवळटली होती, आणि डिसेंबरच्या हंगामात लेकीच्या सासरी टोपलीभर लिची पाठवायचा शब्द कृष्णदेव देऊन बसला होता.

खात्याच्या हरिलाल साहेबांनी पिशव्या दिल्या. "दर झाडाची माती वेगळी भरा. जशी माती, तसं खत."

घरी बायकोने, अनुसयाने, पहिली भरलेली पिशवी उघडून पाहिली.

"आयो! हे दगडगोटे साहेबाच्या टेबलावर? म्हणतील, यांच्या घरात चाळणीसुद्धा नाही."

"अगं, झाडाखालची माती आहे ती."

"झाडाखालची झाडाखाली राहू दे. चार लोकांत न्यायची माती वेगळी असते!"

परसात तुळशीचा वाफा होता. वर्षानुवर्षे शेण खाऊन त्याची माती लोण्यासारखी झालेली. अनुसयाने ती चाळली, वाळवली आणि सगळ्या पिशव्यांत भरली. कृष्णदेवने चिठ्ठ्या बांधल्या. त्यालाही ते शोभिवंत वाटले.

अहवाल आला : माती सर्वत्र एकसारखी व अत्युत्तम. खत : निरंक. मराठी मंडळाने गणपतीत शाल-नारळ देऊन कृष्णदेवच्या मातीचा सत्कार केला. बागेने उपास धरला.

पाने गळू लागली तसा कृष्णदेव मोका गावी खात्याच्या कचेरीत गेला.

"मिस्ये हरिलाल, झाडं सुकताहेत."

साहेबांनी अहवाल चाळला. "सुकण्याचं कारण दिसत नाही."

"कारण नसेल, पण सुकताहेत."

"मग चूक झाडांची. फेरतपासणी करू. फक्त पहिली माती बागेतली नव्हती, एवढं लिहून द्या. एक प्रत मंडळाला जाईल."

कृष्णदेवच्या डोळ्यांपुढे पिवळी बाग आली, मग मंडळाचे सभासद आले.

"राहू द्या, मिस्ये. झाडांना सवय होईल."

सत्काराची बातमी पसरली तसे शेजारीपाजारी पिशव्या घेऊन तुळशीच्या वाफ्याशी येऊ लागले. अनुसया कुणाला नाही म्हणाली नाही. त्या सगळ्या पिशव्या तपासून खात्याने जाहीर केले, की जिल्ह्यातील मातीचा फरक समूळ नष्ट झाला आहे. खताची योजना यशस्वी ठरवून बंद करण्यात आली.

डिसेंबरात कृष्णदेवच्या बागेत नुसत्या काटक्या. त्याने क्वात्र बॉर्नच्या बाजारातून लिची आणली, टोपलीत वर पाने पसरली आणि विहीणबाईंपुढे ठेवली.

विहीणबाईंनी एक सोलून तोंडात टाकली. "वा, दादा! शेवटी गुण मातीचाच."

"तर!" कृष्णदेव म्हणाला.

तुम्ही खुशाल हसा. फक्त एवढे सांगा : डॉक्टरांनी साखर तपासायला बोलावले, की आदल्या आठवड्यात तुम्ही गोड का सोडता? आणि अहवाल उत्तम आला, की पहिला लाडू कुणाच्या तोंडात जातो?