आपत्ती सादर आमंत्रित

धोंडबाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे देवाजींना रोज दुपारी जेवणानंतर आठवायचं. सकाळी पेपर असे, संध्याकाळी नळाला पाणी येई. दुपार तेवढी रिकामी, आणि रिकाम्या दुपारी धोंडबा यायचा. पूर्वी खरोखरचा यायचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरून दोघं पाठोपाठ रिटायर झाले, तिथंच खुर्सीपारला एकाच गल्लीत घरं बांधली आणि चौकातल्या कडुनिंबाखाली बसू लागले. मग धोंडबाची बायको मथुरा वारली, मुलगा त्याला महाराष्ट्रात साकोलीजवळच्या गावी घेऊन गेला, आणि पुढच्याच वादळात कडुनिंबही पडला.

पत्र साधंच होतं. 'देवाजी, जय भीम. इकडं सगळं बरं हाय, फक्त बोलाले कोणी नाही. उन्हाळ्यात महिनाभर तुह्याकडं यावं म्हणतो. तू लिहिशील तं येईन. नाही लिहिलं तं समजीन का तुह्या घरी अडचण हाय.' फोनवर सांगून टाकायची सोय नव्हती. भट्टीच्या आवाजानं धोंडबाचे कान केव्हाच गेले होते. फोनवर तो 'हॅलो'च्या पुढं काही ऐकत नसे.

देवाजींनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पण जन्मभर पुस्तकं वाचलेल्या माणसाचं असं होतं की त्याला स्वतःचं एकही वाक्य आवडत नाही. 'प्रिय मित्रा' लिहिलं की नाटकातलं वाटे. 'श्री. धोंडबा यांस' लिहिलं की वीजबिलाची नोटीस वाटे. शिवाय बोलवायचं ते कशावर? ना झाड, ना सावली, ना बसायला जागा. कागद फाटत गेले आणि उन्हाळा तोंडावर आला.

जगाचं तापमान वाढल्याचं देवाजी पेपरात वाचत. त्यावर मोठमोठ्या देशांचे लोक परिषदा भरवतात, हेही वाचत. पण जगाचं ऊन अखेर खुर्सीपारच्या चौकातच पडायचं, आणि तिथं परिषद नव्हती, अन्नपूर्णाची भाजीची हातगाडी होती. दुपारी बारानंतर तिची पालकाची जुडी तिच्याआधी मान टाकायची.

अशात एक दिवस रेशन दुकानाच्या भिंतीवर सूचना चिकटली. जगावरच्या जलवायु संकटाला तोंड द्यायला आपल्या वॉर्डानं योजना केली होती. चौकात सावलीची शेड, तिच्यात बाक, थंड पाण्याचा प्याऊ म्हणजे पाणपोई, गरिबांच्या छतांना पांढरा रंग. देवाजींनी सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा चष्मा थबकला. 'नागरिकों से आपत्ति सादर आमंत्रित है।'

देवाजींना हिंदी येत नव्हतं असं कोण म्हणेल? चाळीस वर्षं फोरमनच्या शिव्या त्यांनी हिंदीतच खाल्ल्या होत्या. पण ते हिंदी कानाचं. छापलेलं अक्षर दिसलं की त्यांचे डोळे आपोआप मराठी वाचू लागत. त्यातून ओळीच्या डोक्यावर 'संकट' होतं. संकटाच्या खाली आपत्ती असणार, यात नवल काय? नवल एवढंच, की कोणतं सरकार लोकांना त्यांची आपत्ती विचारतं, आणि तीही सादर! देवाजींनी ओळ पुन्हा एकदा वाचली.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. 'माननीय महोदय. विषय: आपत्ती.' आणि काय आश्चर्य, पुढची वाक्यं न अडता येऊ लागली. साहेब अनोळखी होते. अनोळखी माणसासमोर वाक्य वाईट झालं तरी लाज वाटत नाही. कागद भरले. ते फाटायच्या आत देवाजी महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन देऊनही आले.

तिथल्या बाबूला मराठीचं एक अक्षर कळलं नाही. पण विषय कळला. त्यानं पहिल्या पानावर जांभळा शिक्का मारला, 'आपत्ति प्राप्त', आणि जाडजूड दस्तऐवज अदबीनं फायलीत ठेवला. एवढ्या पानांची आपत्ति म्हणजे माणूस कायदा जाणणारा असणार.

आठवड्यानं गल्लीत वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, तेजराम घाम पुसत उभा राहिला. शेडसाठी आलेले लोखंडी पाइप टेम्पोतून परत चालले होते.

"काका, आप?" तो म्हणाला. "पूरे वार्ड में कोई नहीं, और आप?"

"मी काय?" देवाजी पुस्तक मिटत म्हणाले.

"योजना रुक गई ना! जब तक सुनवाई में आपकी आपत्ति का निराकरण नहीं होता, एक खंभा नहीं गड़ेगा."

देवाजी हरखले. माझी आपत्ती दूर झाल्याशिवाय खांबसुद्धा नाही! "एवढं कशाले जी," ते संकोचून म्हणाले. "आमचं काय, म्हाताऱ्याचं. होईन सावकाश."

"सावकाश?" तेजरामनं कपाळाला हात लावला आणि स्कूटर वळवली.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णानं त्यांना भाजी दिली नाही. पिशवी धरून देवाजी उभे, आणि ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाला भेंडी निवडून देत होती.

"अन्नपूर्णाबाई, पालक..."

"पालक सुकली. लोकायच्या किरपेनं." मग तिचं झाकण उडालं. "देवाजीभाऊ, मी तुमाले काय केलं होतं जी? तिथं डोक्यावर पत्रा येऊन राहिला होता, तुमी काहून आडवे पडले? घरात पंखा हाय ना तुमच्या! मले तं आता भाजीवालीची भाजी होऊन राहिली."

"मी? मी तं उलट..."

"उलटच! तेच तं म्हणतो मी. सगळे सरळ, तुमी एकटे उलट."

चौकात शेडसाठी ठरलेल्या जागेवर ज्याच्या जुन्या ट्रॉल्या उभ्या असत, तो दुकानदार मात्र बाहेर आला आणि देवाजींचा हात हातात घेऊन म्हणाला, "डटे रहो काका. कोर्ट तक हम साथ हैं." देवाजींना या शाबासकीची शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

घरी सून भाकरी थापत होती. खुशबू भिलाईतच जन्मलेली. मराठी तिला सासरी येऊन घोटावं लागलं होतं.

"खुशबू, आपत्ती म्हणजे काय वं?"

"ऑब्जेक्शन."

"नाही, आपत्ती. संकटासारखी."

"वो आपदा, बाबा. आपत्ति मतलब विरोध. 'मले हे मंजूर नाही,' असं." तिचा हात परातीतच थांबला. "बाबा... तुमी नोटिस वाचून काही लिहून तं नाही ना दिलं?"

देवाजी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. खुशबूनं आधी तोंडाला पदर लावला, मग दोन्ही हात पिठाचे असतानाच ती भिंतीला टेकून हसली. हसता हसता तिला सासऱ्याचा चेहरा दिसला आणि तिनं हसू आवरलं. "मी येतो ना संगं," ती म्हणाली. "हिअरिंगले. तुमी फकत बसा."

सुनावणीच्या दिवशी झोन ऑफिसात पार्षद होता, अन्नपूर्णा हातगाडी शेजारणीवर सोपवून आली होती, आणि ट्रॉल्यावाला दुकानदार पुढच्या खुर्चीवर आशेनं बसला होता. साक्षी मॅडम नावाची तरुण अधिकारी फाइल उघडून बसली. तिच्या खांद्यामागचा पंखा ऊन लागल्यासारखा गरम हवा फेकत होता.

"ये मराठी में है," ती म्हणाली. "पढ़कर कौन बताएगा?"

देवाजी जमिनीकडे पाहू लागले. आपलं लिहिलेलं चारचौघांत वाचणं म्हणजे त्यांना चारचौघांत अंघोळ करण्यासारखं होतं. खुशबूनं कागद घेतले. एक वाक्य मराठीत वाचायचं, एक हिंदीत सांगायचं, असं तिनं सुरू केलं.

"'महोदय, कोक ओव्हनमधून बाहेर आलं की पूर्वी गार वाटायचं. आता घराबाहेर पडलं की पुन्हा कोक ओव्हनमध्ये जावंसं वाटतं.'"

पार्षद हसला. मॅडमही हसली.

"'दुपारी आमच्या चौकात कोणी नसतं. ऊन आहे म्हणून माणसं घरात बसली, आणि घरात बसलेली माणसं मोबाईलमध्ये गेली. माझी सून चांगली आहे, पण तिला कामं असतात.'" इथं खुशबूचा आवाज जरा खाली आला. "'चौकात एक कडुनिंब होता. त्याच्याखाली मी आणि धोंडबा बसत होतो. विशेष काही बोलत नव्हतो. त्याला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. आता त्याला इथं यायचं आहे आणि त्याला बसवायला माझ्याकडे सावली नाही. महोदय, मला भरपूर वाचता येतं, पण "ये" एवढं एक अक्षर लिहिता येत नाही. आपण शेड बांधाल तेव्हा बाक एकट्याचा ठेवू नये, ही विनंती.'"

अन्नपूर्णानं पदरानं चेहरा पुसला. घाम खूपच आला होता.

"तो इनकी आपत्ति है क्या आख़िर?" मॅडमनं विचारलं.

खुशबूनं क्षणभर शब्द शोधला. "मैडम, अकेलापन."

मॅडमनं तशी तरतूद शोधत योजनेची पानं पुढं-मागं केली. "इसका तो इसमें प्रावधान नहीं है," ती खरोखरच वाईट वाटून म्हणाली. मग सावरून तिनं कोरा कागद पुढं केला. "काका, बस इतना लिख दीजिए, मुझे कोई आपत्ति नहीं है. कल से काम शुरू."

देवाजींनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"लिखिए ना काका," तेजराम म्हणाला.

"कसं लिहू? खोटं होईन ना जी. आपत्ती हाय तं."

"काका, वो वाली नहीं!"

"कागदावर कुठं दिसते, कोणती वाली?"

"अवो देवाजीभाऊ, लिहा ना!" अन्नपूर्णा ओरडली. "माह्या डोक्यावरचा पत्रा तुमच्या व्याकरणात अडकून राहिला!"

देवाजींनी बराच विचार केला. मग वळणदार अक्षरात लिहिलं, 'हिंदी में मुझे कोई आपत्ति नहीं है।' आणि खाली सही केली.

साक्षी मॅडमनं ते दोनदा वाचलं. बाबूकडं पाहिलं. बाबूनं छताकडं पाहिलं. "चलेगा," ती म्हणाली आणि शिक्का मारला. दुकानदार खुर्ची सरकवून निघून गेला. मराठी कागद मॅडमनं घडी घालून देवाजींना परत दिले. "ये आप रखिए काका. ये हमारे लिए नहीं लिखा है."

परतताना देवाजी स्कूटीवर मागं खिसा सांभाळत बसले होते. सिग्नलला खुशबूनं विचारलं, "बाबा, धोंडबा काकाले उत्तर लिहिलं का मंग तुमी?"

"नाही ना. जमतच नाही पोरी मले."

"अन् खिशात काय हाय?"

सिग्नल सुटला, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, खुशबूनं गाडी हाकली. पण ती खुर्सीपारकडं वळली नाही; सेक्टर ६ च्या पोस्टापुढं जाऊन थांबली.

पोस्टाच्या तिरक्या टेबलावर देवाजींनी कागद पसरले. 'माननीय महोदय' खोडलं आणि वर 'धोंडबा, जय भीम' लिहिलं. जांभळा शिक्का काही खोडता येईना. "राहू द्या," खुशबू म्हणाली. "काकाले वाटन, देवाजी मोठा साहेब झाला." मग शेवटच्या पानावर थोडी जागा होती, तिथं त्यांनी पेन टेकवलं. व्याकरण नाही, वळण नाही, जसं तोंडात आलं तसं लिहिलं, 'शेड व्हाची हाय. ऊन लय हाय. तरी ये.'

लिफाफा पेटीच्या फटीत अर्धा गेला आणि त्यांचा हात थांबला.

"'विनंती' ची वेलांटी चुकली वाटते वं," ते म्हणाले. "काढून एकदा पाहू का?"

"पाहा," खुशबू म्हणाली आणि त्यांच्या कोपराला हळूच धक्का दिला.

आत कुठंतरी, बाकीच्या पत्रांवर, टप्पकन आवाज झाला.