पाणीखात्याचा माणूस पाण्यात

हॉटेलच्या लिफ्टमध्ये ती दोन पोरं भेटली नसती, तर बूस्टरराव त्या सकाळी निमूटपणे म्युझियममध्ये गेले असते, काचेमागची फुटकी भांडी पाहिली असती, खुर्ची दिसेल तिथे टेकले असते आणि त्यांचा संसार होता तसाच सुखाने चालू राहिला असता. पण पोरं भेटली. दोघांच्या काखेत तिरक्या धरलेल्या लांबलचक फळ्या होत्या, आणि त्या मावाव्यात म्हणून बूस्टररावांना पोट आत ओढून उभं राहावं लागलं. (ते आत जात नाही, हा भाग वेगळा.)

"काय रे, दरवाजे बसवायला निघालात की काय?" त्यांनी विचारलं.

"सर्फिंग, काका," एक जण हसून म्हणाला. "समुद्रावर क्लास असतो. तुम्हीपण या की! तुमच्यासारख्यांसाठी वेगळी बॅच आहे. बिगिनर-फ्रेंडली."

तळमजला आला. पोरं फळ्या सावरत निघून गेली. 'तुमच्यासारख्यांसाठी' मात्र बूस्टररावांच्या कानातच अडकून राहिलं.

बूस्टरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते. खालून बारीक धारेने आलेली साधी गोष्टही त्यांच्या तोंडून पुढे गेली की बूस्टर पंप लावल्यासारखी थेट वरच्या मजल्यापर्यंत उसळते, म्हणून खात्याने हे नाव ठेवलं होतं. पाठीमागेच, पण इतक्या मोठ्याने की ते त्यांच्या घरापर्यंत पोचलं होतं. कुठल्याही विषयावर त्यांना माहिती असे. नसली तर जास्तच असे. चार दिवस रजा काढून बायकोला या समुद्रकाठच्या शहरात घेऊन आल्यापासून त्यांनी टॅक्सीवाल्याला रस्ता, वेटरला ट्रे धरायची पद्धत आणि हॉटेलच्या माळ्याला पाणी घालायची वेळ शिकवली होती.

"अगं, म्युझियम राहू दे," लिफ्टबाहेर येताच ते मागून येणाऱ्या बायकोला म्हणाले. "आपण सर्फिंग करू."

बायको हायस्कुलात भूगोल शिकवायची. शांत बाई. ती आता डोळे विस्फारेल, 'या वयात?' म्हणेल, आपण तिची समजूत घालू, आणि समजूत घालता घालता म्युझियमची वेळ होईल, असा बूस्टररावांचा हिशेब होता.

"बरं," बायको म्हणाली आणि पिशवीत टॉवेल भरायला वर गेली.

बूस्टरराव तिथेच उभे राहिले. त्यांना पहिला धक्का बसला तो इथे. पण नवऱ्यावरच्या विश्वासामुळे बिचारी हो म्हणाली, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. समजूत काढायची तयारी केलेलीच होती, ती वाया गेली नाही.

किनाऱ्यावर पत्र्याची शेड होती. शिकवणारी होती एक पोरगी. उन्हाने रापलेली, आखूड केसांची, आवाज असा की लाटांच्या वरून ऐकू यावा. तिने दोघांना एकेक काळा रबरी सूट दिला. पडद्यामागे जाऊन बूस्टररावांनी त्या सुटाशी जी झटापट केली तिची कल्पना बाहेरच्यांना फक्त आवाजावरून आली. आधी एक पाय, मग तोच पाय पुन्हा, मग भिंतीवर डोकं, मग बराच वेळ नुसतं कण्हणं. अखेर ते विजयी मुद्रेने बाहेर आले.

"काका, चेन मागे असते," पोरगी म्हणाली.

"मी मुद्दाम पुढे घेतली. हाताशी असलेली बरी."

"हो, पण मग छातीचा भाग पाठीवर जातो ना. म्हणून तुम्हाला मान वळवता येत नाहीये."

मान वळवता येत नाही हे बूस्टररावांना तेव्हाच कळलं. ते संपूर्ण अंगानिशी वळले आणि पुन्हा पडद्यामागे गेले. परत येईपर्यंत बायको सूट घालून, केस बांधून, फळी काखेत मारून तयार होती. तो सूट तिला शिवून घेतल्यासारखा बसला होता. बूस्टररावांना हे जरा खटकलं. पण का खटकलं ते कळेना.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "माझ्या जवळ राहा."

"बरं," बायको म्हणाली.

आधी वाळूवर तालीम झाली. फळीवर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं, आणि पोरगी 'उठा!' म्हणाली की झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं. बूस्टरराव उभे राहिले. झटका आला तो कमरेत, पण उभे राहिले खरे. वाळूवर फळी हलत नव्हती, तेवढाच देवाचा आधार.

"छान!" पोरगी म्हणाली. "पाण्याची सवय आहे का काका?"

"सवय?" बूस्टरराव हसले. "अख्खी नोकरी पाण्यात गेली माझी."

"काय सांगता! खोल पाण्यात?"

"खोल म्हणजे, सगळ्या शहराचं पाणी. पूर म्हणू नका, फुटणं म्हणू नका, रात्री-अपरात्री उतरावं लागायचं."

(रात्री-अपरात्री फिटर उतरायचा. बूस्टरराव सकाळी त्याच्या अर्जावर शेरा मारायचे.)

"मग तर प्रश्नच नाही!" पोरगी खूश झाली. "तुम्ही जरा पुढे जा, त्या दुसऱ्या लाटेपर्यंत. मी काकूंकडे बघते."

आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. फळीची दोरी घोट्याला बांधून घेत बूस्टरराव पाण्यात शिरले. घोटे बुडाले, गुडघे बुडाले. पाणी गार होतं आणि स्थिर नव्हतं. आयुष्यभर त्यांनी पाणी पाहिलं ते नळातून वरून खाली पडणारं. हे आडवं येत होतं, आणि कुणाला न विचारता येत होतं. कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा ते कसेबसे फळीवर पालथे झाले, तोंड किनाऱ्याकडे केलं, आणि मागे काय येतंय ते पाहायला मान वळवली. मान आता वळत होती. वळली नसती तर बरं झालं असतं.

लाट कंबरभरच असेल. पण पालथ्या माणसाला ती चौथ्या मजल्याएवढी दिसली.

पुढचं सगळं बूस्टररावांना तुकड्यातुकड्यांत आठवतं. फळी पुढे गेली. ते खाली गेले. आकाश पायांकडे आलं. नाकातून शिरलेलं खारं पाणी कानापाशी कुठेतरी रस्ता शोधू लागलं. घोट्याची दोरी त्यांना कुठेतरी ओढत होती. वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळेना, तेव्हा दोन्हीकडे तोंड करून ते ओरडले, "बुडालो! बुडालो गं!"

आणि मग त्यांना दिसलं ते असं. पाण्यातून एक काळी आकृती सपासप हात मारत त्यांच्याकडे येत होती. हात वर, डोकं बाजूला, श्वास, पुन्हा हात. पाणी जराही उडत नव्हतं. आकृती जवळ आली, पाण्यातून वर आली, आणि ती त्यांची बायको निघाली.

"अहो, उभे राहा."

"बुडतोय मी!"

"उभे राहा आधी."

बूस्टरराव उभे राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. लाटेने त्यांना जवळजवळ किनाऱ्यावरच आणून टाकलं होतं.

पण गुडघाभर पाण्यात ओरडल्याची लाज वाटायला त्यांना सवडच नव्हती. ते बायकोकडे बघत राहिले. शेजारची बाई चुकून घरात शिरल्यावर बघावं तसे.

"तू पोहत आलीस."

"हो."

"तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. सकाळी जाते ना."

"सकाळी तू योगाला जातेस!"

"घरात कधी योगाची चटई पाहिलीत का?"

बूस्टररावांनी डोक्यात सगळं घर उलटंपालटं केलं. चटई नव्हती. तेवढ्यात एक लाट येऊन त्यांना पाठीमागून धक्का देऊन गेली. त्यांना तो कळलाही नाही. आतला धक्का मोठा होता.

"पण तुझे केस ओले असायचे. तू म्हणायचीस, धुतले म्हणून."

"धुवायचेच की. क्लोरीन जायला नको?"

"रोज?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, रोज का धुतेस म्हणून."

"कुठे शिकलीस?"

"नगरपालिकेच्या तलावावर. तुमच्याच खात्याचं पाणी येतं तिथे. कधीकधी येतही नाही."

हा घाव वर्मी लागला. बूस्टररावांनी फळीचा आधार घेतला. फळी सरकली, तेव्हा बायकोचा घेतला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

बायकोने कपाळावरची ओली बट मागे सारली. वाईट वाटेल असं बोलायचं की नाही, याचा विचार करताना ती तसंच करते.

"तुम्ही शिकवायला आला असता," ती म्हणाली.

"मी? मला पोहता कुठे येतं!"

"तरी आला असता."

यावर बूस्टररावांनी तोंड उघडलं. आत एका लाटेचं उडालेलं पाणी गेलं. ते खोकत असताना बायकोच्याच कपाळावर आठी उमटली.

"थांबा. तुम्हाला पोहता येत नाही? लग्न ठरताना तुम्ही म्हणाला होतात, कॉलेजात असताना मी रोज नदी पार करायचो."

"करायचोच."

"कसे?"

"होडीने," बूस्टरराव पुटपुटले.

बायको आधी बघतच राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता पाण्यात बसली, तरी हसणं थांबेना. इतकी वर्षं संसार झाला, पण तिचं असं मोकळं, मान मागे टाकून हसणं बूस्टररावांनी कधी पाहिलं नव्हतं. घरात ती हसायच्या आधीच ते विनोद समजावून सांगायला लागत, त्यामुळे असेल.

"ताई! चांगली लाट येतेय!" पलीकडून शिकवणारी ओरडली. काकूंची एव्हाना ताई झाली होती. काकांचे काका राहिले होते.

बायको फळी घेऊन गेली. बूस्टरराव गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत राहिले. ती पालथी झाली, तिने चार हात वल्हवले, मागून लाट आली. बूस्टररावांनी डोळे मिटायचं ठरवलं, पण मिटले नाहीत. फळी उचलली गेली आणि तिच्यावर त्यांची बायको उभी राहिली. वेडीवाकडी, हात पसरून, गुडघे वाकवून, पण उभी. जी बाई स्टुलावर चढायला 'जरा धरा हो' म्हणते, ती पाण्यावरून चालत्या गाडीसारखी त्यांच्या समोरून गेली. जाताना तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुढे बघत होती, आणि तिचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीचा झाला होता.

शिकवणारी पोरगी टाळ्या वाजवत बूस्टररावांजवळ आली. "पहिल्याच दिवशी! काका, ताईंना तुम्हीच तयार केलंय ना? पाण्यातला माणूस घरात असल्यावर काय!"

'अर्थात' हा शब्द बूस्टररावांच्या ओठांवर आला होता. नेहमीचा, गुळगुळीत झालेला शब्द. पण आज तो बाहेर पडेना.

"नाही हो," ते म्हणाले. "मी पाणीपुरवठ्यात क्लार्क आहे. मला पोहता येत नाही."

पोरीचं हसू जागच्या जागी विरलं. तिने त्यांना दंडाला धरून आणखी चार पावलं किनाऱ्याकडे आणलं.

बायको धापा टाकत परत आली तेव्हा बूस्टरराव फळी छातीशी धरून उभे होते.

"मला दाखवशील, कसं करायचं ते?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला, त्यामुळे आवाज जरा चोरटा निघाला.

बायकोने त्यांना पालथं झोपवलं. 'हनुवटी वर. पाय जुळवा. उठायचं नाही, नुसतं पडून राहायचं.' लाट आली, तिने मागून फळी ढकलली, आणि बूस्टरराव निघाले. पोटाखालून पाणी सळसळत होतं, वारा कानांत शिरत होता, किनारा धावत समोर येत होता. फळी वाळूत रुतून थांबली तेव्हा त्यांना कळलं की आपण संपूर्ण वेळ मोठ्याने ओरडत होतो, आणि ते भीतीने नव्हे.

पुन्हा, म्हणाले ते. मग पुन्हा. शेवटी शिकवणारीच म्हणाली की आता पुढची बॅच आलीय.

दुपारी हॉटेलच्या खोलीत दोघं पलंगावर आडवी झाली होती. बूस्टररावांचा असा एकही स्नायू नव्हता जो आपली ओळख करून देत नव्हता. होस्टेलवरून मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, तुझा सकाळचा मेसेज बघितला. जमलं सर्फिंग?"

"उभी राहिले," बायको म्हणाली.

"येस! बाबा, बघितलंत ना? कसली पोहते आई!"

"तुला माहीत होतं?" बूस्टरराव कण्हत उठून बसले.

"मीच तर तिला पोहण्याचा पहिला पोशाख घेऊन दिला. तुमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांनाही माहीत आहे, त्यांच्या मिसेस आईच्या बॅचला आहेत."

"दोघी एका बॅचला शिकल्या?"

"शिकल्या नाही हो बाबा. आई शिकवते. रविवारची नवशिक्यांची बॅच आईचीच आहे ना!"

बूस्टररावांनी बायकोकडे पाहिलं. दिवसाचे सगळे धक्के संपले असं समजून त्यांनी अंग सैल सोडलं होतं, त्यामुळे हा चांगलाच बसला. रविवारी सकाळी ती 'भाजी आणायला' जायची. भाजी यायची, हे मात्र खरं.

कण्हत कण्हत ते ताठ बसले. मग त्यांनी घसा साफ केला.

"मला घेशील का गं त्या बॅचमध्ये?"

बायकोने विचार केला. "अट आहे. शिकवणारीचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. लहान पोरंसुद्धा पाळतात. तुम्हाला जर ते एक महिनाभर..."

"त्यात काय मोठंसं!" बूस्टरराव म्हणाले. "मी तुला सांगतो, गप्प बसण्याचं एक तंत्र असतं. माणसाने आधी—"

फोनमध्ये मुलीने कपाळावर हात मारला. बायको कूस बदलून झोपली, आणि रविवारच्या बॅचमधली त्यांची जागा शिपाईमामांना मिळाली.