वाहान अंकलचा वार्दावार

आखातात तेव्हा रविवार कामाचा असे. जुलैतल्या एका ठरावीक रविवारी आमच्या करामाच्या बिल्डिंगमधून ऑफिसला निघालेला माणूस कोरडा खाली पोचत नसे. दुसऱ्या मजल्यावर वाहान अंकल भरलेली बादली घेऊन दबा धरून बसलेले असत. टाय असो, फाईल असो, कशाचीही गय नाही. "यल्ला, वार्दावार!" अशी त्यांच्या पाण्याच्या सणाची आरोळी आणि भसकन पाणी!

अंकल बैरूतचे आर्मेनियन. एकटेच राहायचे. रास अल खोरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडायचे. "गाड्या दुरुस्त करतात आणि नाव वाहान!" म्हणून माझी बायको महिनाभर हसत होती. अंकल भेटेल त्याला आर्मेनियाबद्दल छाती ठोकून सांगायचे, "हबीबी, दुनिया में पहला क्रिश्चन मुल्क हमारा! नंबर वन!"

एकदा शर्ट पिळत मी विचारलं, "अंकल, ये पानी बायबल में किधर है?"

"पानी बायबल से पुराना! देवी का है. चर्च बोला, रहने दो." मग डोळा मिचकावून, "नया घर बनाया, तो दादी को बाहर निकालेगा क्या?"

अठ्ठ्याण्णव साली साताऱ्याहून आई आली होती. मी तारीख साफ विसरलो. नवी इरकली नेसून ती देवळात जायला माझ्यापुढे जिना उतरू लागली आणि अख्खी बादली तिच्यावर!

अंकल पांढरेफटक पडले. "सॉरी, सॉरी मदाम..."

आईनं तोंडावरचं पाणी निपटलं. "अगंबाई, रंगपंचमी होय!" तरातरा घरात गेली, मोरीतली बादली उचलून आणली आणि थेट त्यांच्या डोक्यावर उपडी केली. माझी मुलगी नाचायलाच लागली, "आजी, वन्स मोर!" दारं उघडली, टाळ्या पडल्या, कुणीतरी पाण्याचा मग घेऊन धावलं. सगळा जिना भिजला!

गलबल्यात पाहिलं तर अंकल पायरीवर बसून रडत होते.

"बाईस साल से मैं डालता है," ते म्हणाले. "वापस कोई नहीं डाला. वापस घर का आदमी डालता है. लास्ट टाइम मेरी अम्मा ने डाला."

आईनं विचारलं, "काय म्हणतोय रे?" मी सांगितलं. ती दोरीवरचा टॉवेल आणून स्वतःच त्यांचं डोकं खसाखसा पुसू लागली.

"त्याला विचार," ती मला म्हणाली, "पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला आहे. माझं तिकीट त्याआधीचं काढ."