भालूरावांची पिछाडी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि मधेमधे प्रश्न विचारू नका. एका जंगलात बेलफेकीचा खेळ फार मानला जाई, कारण उन्हाळ्याचे पाणी त्या खेळावर ठरे.

जंगलाचे नाव तिवसाळ. शेजारच्या जंगलाचे नाव करवंदी. दोघांच्या मधे एकच डोह होता. दरवर्षी फाल्गुनात दोन्ही जंगलांचा सामना होई. जो जिंके तो उन्हाळाभर सकाळी पाणी पिई. जो हरे तो दुपारनंतर, उरेल ते.

खेळ सोपा होता. एकाने लांबून बेलफळ फेकायचे. त्याच्या गड्याने पळत जाऊन ते झेलायचे आणि दोन पळसांच्या पलीकडे न्यायचे. समोरच्या संघाच्या आघाडीने फेकणाऱ्याच्या अंगावर धावून जायचे. पिछाडीने झेलणाऱ्याला अडवायचे.

तिवसाळ तीन वर्षे हरत होते. गेल्या वैशाखात सशांची दोन पिल्ले गाळ चाटून आजारी पडली होती. त्यामुळे सगळे संघाच्या मालकाकडे गेले. मालक म्हणजे भालूराव अस्वल.

भालूरावांनी विचार केला आणि सांगितले, "आपली पिछाडी कच्ची आहे."

पिछाडीला हिराक्का घोरपड होती. वयस्कर, बुटकी, पळायला बेताची. पण झेलणाऱ्याच्या पायाला एकदा चिकटली की तिला सोडवायला चार जण लागत.

हिराक्का म्हणाली, "मालक, पिछाडीचं राहू द्या. करवंदीचा वानर बेल फेकायच्या आधी बसून पेरू खातो. अख्खा पेरू. तेवढ्या वेळात त्यांचं चितळ कुठल्या कुठं पोचतं. मी कुठंकुठं पुरी पडू? आघाडीला जरा पळायला सांगा."

सगळ्यांनी भालूरावांकडे पाहिले. आघाडीला भालूरावांचे तीन मेव्हणे होते. खेळ सुरू झाला की ते वाळवी शोधत.

"हिराक्का," भालूराव मायेने म्हणाले, "तुम्ही दमलात. आजपासून तुम्ही मोकळ्या."

"मोकळ्या म्हणजे?"

"म्हणजे कुठंही जा."

मग भालूराव मोकळ्या खेळाडूंच्या बाजारात गेले. जुन्या जंगलाशी करार संपलेले खेळाडू तिथे झाडाखाली बसून असत आणि तरस त्यांची दलाली करी. तरसाने एक बिबट्या दाखवला. नाव ठिपकोजी. दोन पुरुष उंच उडी. मग एक भेकर दाखवले. नाव झुळूकराव. वाऱ्यापुढे धावे.

"दोघं एकत्र खेळतील का?" भालूरावांनी विचारले.

तरस हसला. तो नेहमीच हसतो, म्हणून भालूरावांनी त्यातून काही अर्थ काढला नाही.

दोघांनाही घेतले. हंगाम संपेपर्यंत एकमेकांना खायचे नाही, असे कलम करारात घातले. मिरवणूक निघाली. तिवसाळात एवढा आनंद कधी झाला नव्हता. सशांनी नाच केला.

इकडे हिराक्का तीन दिवस एका खडकावर बसून होती. चौथ्या दिवशी करवंदीची म्हातारी मुख्य सांबरीण आली.

"आमच्याकडे येता का? एक वर्षासाठी."

"मी दमलेली आहे म्हणतात," हिराक्का म्हणाली.

"आमच्या चितळाच्या पायाला विचारा. त्याला अजून वळ आहेत."

हिराक्का गेली.

फाल्गुन आला. सामना सुरू झाला. तिवसाळची आघाडी वाळवी शोधू लागली. वानराने पेरू खाल्ला, बिया थुंकल्या आणि बेल फेकला. बेल ठिपकोजी आणि झुळूकराव यांच्या बरोबर मधे चालला होता. ठिपकोजीने झेप घ्यायला अंग आकसले. ते बघताच झुळूकराव वाऱ्यापुढे धावला, पण उलट्या दिशेला. त्याला पळताना बघून ठिपकोजी करार विसरला आणि त्याच्यामागे लागला. चितळाने सावकाश बेल झेलला आणि चालत चालत पळसांपलीकडे नेला.

झुळूकराव सहा कोस पळाला आणि वाचला. तो परत आला नाही. ठिपकोजीने पाय मुरगळल्याचे कळवले.

तिवसाळ हरले.

त्या उन्हाळ्यात हिराक्का रोज सकाळी करवंदीकरांबरोबर पाणी पिई. पाणी गार असे. पलीकडच्या काठावर तिची जुनी मैत्रीण सगुणा साळिंदर पिल्लांना घेऊन दुपारची वाट बघत बसे. सगुणा तिच्याकडे नुसती बघे. हिराक्काला घोट गिळवत नसे. पाऊस पडेपर्यंत ती वाळून निम्मी झाली.

वर्ष संपले. हिराक्का पुन्हा मोकळी झाली आणि बाजारातल्या झाडाखाली जाऊन बसली. भालूराव बाजारात आले. तरस म्हणाला, "ही बघा. विजेत्या संघाची अनुभवी पिछाडी. वर्षभर एकही बेल जाऊ दिला नाही."

भालूरावांनी तिला निरखून पाहिले. "परदेशी दिसते."

"करवंदीची आहे."

"वाटलंच. अंगकाठीवरून कळतं."

तरसाने मागितले त्याच्या दुप्पट मध भालूरावांनी दिला. परतताना अदबीने विचारले, "बाई, आमच्या संघाबद्दल आपलं मत काय?"

हिराक्का म्हणाली, "वानर पेरू खातो. आघाडीला जरा पळायला सांगा."

भालूराव जागीच थबकले. "अरे वा! हे आमच्याकडे कुणालाच सुचलं नाही."

त्यांनी तिन्ही मेव्हण्यांना बोलावून झापले. तज्ज्ञांचा सल्ला आहे म्हटल्यावर बायकोही काही बोलली नाही. त्या फाल्गुनात वानराच्या तोंडात पेरू असतानाच तीन अस्वले त्याच्या अंगावर गेली. त्याने घाईत बेल कसातरी भिरकावला. चितळ तिकडे वळेपर्यंत हिराक्का त्याच्या पायाला चिकटली होती. तिवसाळ जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाची पिल्ले डोहात पोटापर्यंत उतरली आणि पाणी प्यायली. हिराक्का काठावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. मागे भालूरावांचा सत्कार चालू होता. बाहेरचे खेळाडू पारखण्याची नजर, या विषयावर ते बराच वेळ बोलले.

तात्पर्य : घरच्या माणसाचे खरे बोलणे कानात शिरत नसेल, तर त्याला आधी घराबाहेर काढावे. मग तेच बोलणे दुप्पट किमतीला विकत आणावे. लगेच पटते.